कासव कोणते, पाण्यातले की भुईवरचे?

मी कला शाखेचा विद्यार्थी. प्राणिशास्त्राशी माझा संबंध दहावीलाच संपला. तरीही हा लेख लिहायला बसलो आहे, कारण दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून एक कासव मेले, आणि ते केवळ माझ्या अज्ञानामुळे मेले.

झाले असे. आत्याच्या घरी कुणीतरी 'लक्ष्मी येते' म्हणून एक कासव आणून दिले होते. घुमटासारखी उंच पाठ आणि काळ्या कवचावर पिवळ्या रेषांच्या चांदण्या. असे कासव पाळणे गुन्हा आहे हे कळताच आत्या घाबरली. म्हणाली, "जा बाबा, कृष्णेत सोडून ये. पाण्यातलं जनावर पाण्यातच बरं." मी पुण्यकर्म समजून ते घाटावरून सोडले. ते पाय झाडीत तळाला गेले, ते वर आलेच नाही. शेजारी गळ टाकून बसलेले आजोबा म्हणाले, "आरं लेकरा, ते भुईवरचं कासव. त्याला पवाया कुठं येतंय?"

तेव्हा मित्रहो, पाठ पाहण्याआधी पाय पाहावेत. भुईवरच्या कासवाचे पाय हत्तीच्या पायांसारखे, खांबासारखे असतात. पाण्यातल्या कासवाच्या बोटांमध्ये बदकासारखा पडदा असतो. आत्याचे ते चांदण्यांचे कासव गुजरात, राजस्थान आणि दक्षिणेकडील कोरड्या माळांवरचे. आपल्याकडे ते येते ते चोरट्या व्यापारातून. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१९ साली बंदी आली, पण लक्ष्मीची हौस काही सुटत नाही.

आता आपल्या भागातली. विहिरीत, तळ्यात दिसणारे काळसर कासव ओळखायला सोपे. कवच टणक, आणि पाठीवर लांबट असे तीन कंगोरे.

दुसऱ्याची पाठ मऊ कातडीची असते. उलटे करून पाहिले की मागच्या पायांपाशी कातडीच्या दोन झडपा दिसतात. संकट आले की पाय आत घेऊन हे कासव झडपा लावून घेते. गीतेत स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा दिली आहे. ती वर्गात शिकताना मला हेच कासव आठवते. उन्हाळ्यात पाणी आटले तर ते चिखलात स्वतःला पुरून घेते.

तिसरे मात्र स्थितप्रज्ञ मुळीच नाही. तेही मऊ पाठीचे, पण झडपा नसलेले. नाक नळीसारखे पुढे आलेले, मान लांब, आणि चावा असा की बोट जवळ नेऊ नये. हिरवट डोक्यावर डोळ्यांच्या मधून मानेपर्यंत एक काळी रेघ जाते. पिल्लांच्या पाठीवर डोळ्यांसारखे गोल ठिपके असतात, वय वाढते तसे ते पुसट होतात. पूर्ण वाढले की पाठ दोन फुटांपर्यंत भरते. ग्रे या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८७२ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले, तेही पुण्याकडच्या नमुन्यावरून, आणि मुंबई इलाख्यातील डॉक्टर लीथ यांचे नाव त्याला दिले. म्हणजे शास्त्राला हे कासव भेटले ते आपल्याच मुलखात! आज जगातल्या अतिसंकटग्रस्त प्राण्यांत त्याची गणना होते. २०२२ साली पनामा येथील परिषदेत त्याच्याही व्यापारावर बंदी घालण्यात आली.

संतांनी कासवीच्या दृष्टीचे मोठे कौतुक केले आहे. ती नुसत्या नजरेने पिल्ले पोसते म्हणे. कल्पना सुंदर आहे, परंतु खरी कासवी काठावर खड्डा करून अंडी घालते, माती सारते आणि निघून जाते. पुढचे सारे काठाने सांभाळायचे. लीथच्या कासवाला तर त्यासाठी वाळूचा काठ लागतो, आणि नदीकाठची वाळू ट्रॉल्या भरभरून जाते हे आपण सारेच पाहतो.

घरात पाळलेले कासव सापडले तर ते नदीत न सोडता वनखात्याच्या स्वाधीन करावे. काचेच्या पेटीतले, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले कासव अमेरिकेतले. तेही आपल्या नदीत सोडू नये.

गेल्या पावसाळ्यात आष्ट्याजवळ उसाच्या वाटेवर पोरांनी एक कासव धरले होते. "दादा, नदीवर नेऊ का?" त्यांनी विचारले. मी ते उलटे केले. पायांना पडदे होते, मागे दोन झडपा घट्ट लावलेल्या होत्या. पलीकडेच ओढा होता. तिथे ठेवल्यावर बराच वेळ ते हलले नाही. मग एक झडप उघडली, नंतर दुसरी, आणि ते चिखलात शिरले.