पुढचा मॅनेजर कोण? लिव्हरपूलचे वार्तापत्र

इंग्लंडमधील फुटबॉलप्रेमींविषयी महाराष्ट्रात दोन समज पक्के रुजले आहेत. पहिला जुना आहे, आणि त्यानुसार तेथील प्रेक्षक म्हणजे बिअर पिऊन दंगा करणारा जमाव. दुसरा आयपीएलच्या काळात तयार झालेला असून क्लब ही धनाढ्य मालकाची मिळकत आणि चाहता हे जर्सी विकत घेणारे गिऱ्हाईक, असे तो सांगतो. हे दोन्ही समज किती तोकडे आहेत ते पाहायचे असेल, तर क्लबच्या मॅनेजरची जागा रिकामी होऊ घातली असते त्या दिवसांत लिव्हरपूल शहरात मुक्काम करावा. न्हाव्याच्या खुर्चीत, बसथांब्यावर, शाळेच्या फाटकाशी मुलांची वाट पाहणाऱ्या आईबापांत तेव्हा एकच विषय असतो, आणि त्या चर्चेचा सूर घरातल्या मुलीसाठी स्थळ पाहताना लागतो तसा असतो: माणूस कर्तबगार आहे का, एवढ्या चौकशीने कोणाचे समाधान होत नाही; तो या घरात रुळेल का, माणसे धरून राहील का, हेही खोदून खोदून विचारले जाते.

‘मॅनेजर’ हा शब्द मराठी वाचकाची प्रथम दिशाभूल करतो. भारतात क्रिकेट संघाचा मॅनेजर म्हणजे प्रवासाची तिकिटे, हॉटेलातील खोल्या आणि सामानाच्या पेट्या यांची व्यवस्था पाहणारा अधिकारी होय. इंग्लिश फुटबॉलमध्ये मात्र सराव आखणे, अकरा जण निवडणे, डावपेच ठरवणे, कोणाला विकत घ्यावे नि कोणाला सोडावे यात शब्द टाकणे आणि हरल्यावर पत्रकारांना तोंड देणे ही सारी कामे परंपरेने या एकाच माणसाकडे आली, म्हणून खेळाडू त्याला ‘गॅफर’, म्हणजे मुकादम, म्हणत आले आहेत. अलीकडे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीसाठी ‘स्पोर्टिंग डायरेक्टर’ हे वेगळे पद निघाले असून २०२४ मध्ये लिव्हरपूलने आर्ने स्लॉट यांची नेमणूक केली ती कागदोपत्री ‘हेड कोच’ म्हणून. लोकांच्या तोंडी मात्र मॅनेजरच राहिला. क्रिकेटमध्ये गोलंदाज बदलण्याचा व क्षेत्ररक्षण लावण्याचा निर्णय मैदानावरचा कर्णधार घेतो. फुटबॉलमध्ये अशा निर्णयांचा भार सीमारेषेबाहेर उभ्या असलेल्या मॅनेजरवर असतो. म्हणूनच क्रिकेटच्या गप्पांत कर्णधाराला जे स्थान असते, ते येथे मॅनेजरला मिळते.

या चर्चेचा अलीकडचा सर्वांत मोठा प्रसंग २०२४ सालचा. ऑक्टोबर २०१५ मध्ये आलेले, २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग आणि २०२० मध्ये तीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतर इंग्लंडचे लीग विजेतेपद मिळवून देणारे युर्गेन क्लॉप यांनी २६ जानेवारी २०२४ रोजी, अंगातले बळ संपत आल्याचे सांगून, मोसमाअखेर जाण्याचे जाहीर केले. करार २०२६ पर्यंतचा असल्यामुळे शहर बेसावध होते. त्यानंतरच्या आठवड्यांत झाबी अलोन्सो, रुबेन अमोरिम, रोबेर्तो दे झेर्बी अशी नावे पुढे आली, रस्तोरस्तीच्या पैजांच्या दुकानांत त्यांच्यावर भाव निघाले (अशा पैजा येथे कायदेशीर आहेत), आणि ज्याचा भाव आज वर गेला त्याचे उद्या काय, याचीही चर्चा झाली.

अ‍ॅनफील्ड मैदानाजवळच्या एका पबमध्ये, म्हणजे पेठेतल्या कट्ट्याची आणि खाणावळीची कामे एकत्र करणाऱ्या जागेत, त्या फेब्रुवारीत गोदीकामातून निवृत्त झालेला एक वृद्ध आणि त्याचा पंचविशीतला नातू यांचा वाद चालला होता. नातवाचा कौल अमोरिम यांना होता आणि त्याच्याजवळ कारणेही होती: स्पोर्टिंग लिस्बनचा संघ किती उंचावर जाऊन प्रतिस्पर्ध्याला दाबतो, बचावात तीन जण ठेवल्याने कोणाची जागा जाईल, हे तो टेबलावर सांडलेल्या बिअरमध्ये बोटाने रेषा ओढून दाखवत होता. आजोबांनी सगळे ऐकून घेतले, फडके मागवले, टेबल पुसले, आणि एकच प्रश्न विचारला: हरल्यानंतरच्या सोमवारी हा माणूस या शहरात कसा वागेल? त्यांचा कौल अलोन्सो यांना होता. बायर लेव्हरकुसेनचा संघ त्या मोसमात जर्मन लीगमध्ये हरत नव्हता हे त्यांना ठाऊक होते, पण त्यांच्या लेखी मोठी गोष्ट निराळी होती. २००४ ते २००९ ही पाच वर्षे अलोन्सो येथे खेळले होते. २००५ च्या इस्तंबूलमधील चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात पेनल्टी अडवली गेल्यावर परत आलेल्या चेंडूवर बरोबरीचा तिसरा गोल त्यांनी केला होता. हे शहर कशाला हसते आणि कशाने दुखावते, हे त्यांना कोणी शिकवावे लागणार नव्हते.

नातवाच्या आणि आजोबांच्या बोलण्यातील हे अंतर मराठी चाहत्याने मुद्दाम लक्षात घ्यावे. मुंबई-पुण्यात रात्री जागून लिव्हरपूलचे सामने पाहणारी तरुण मंडळी डावपेचांत या नातवाच्या तोडीची आहेत, यात शंका नाही. आजोबांचा प्रश्न मात्र दूरचित्रवाणीवरून उमगत नाही, कारण तो या शहराच्या आठवणीतून आलेला आहे. त्या आठवणीच्या मुळाशी बिल शँक्ली आहेत. स्कॉटलंडमधील खाणकामगारांच्या ग्लेनबक गावचा हा माणूस डिसेंबर १९५९ मध्ये आला तेव्हा क्लब दुसऱ्या श्रेणीत होता; १९६२ मध्ये तो पहिल्या श्रेणीत चढला आणि पुढे शँक्लींच्या हाताखाली तीनदा लीग विजेता झाला. जुलै १९७४ मध्ये शँक्लींनी अचानक राजीनामा दिला, तेव्हा एका दूरचित्रवाणी वार्ताहराने रस्त्यात थांबवून लोकांना ती बातमी सांगितली, आणि ती मुळीच खरी मानायला तयार नसलेल्या एका मुलाचा चेहरा त्या चित्रफितीत आजही पाहता येतो. त्यांच्या जागी, मन नसताना, त्यांचे सहायक बॉब पेस्ली बसले आणि नऊ मोसमांत सहा लीग विजेतेपदे व तीन युरोपियन कप मिळवून गेले. खेळाडूंचे बूट ठेवण्याच्या खोलीत बसून बेत आखणाऱ्या सहायकांतूनच पुढचा मॅनेजर निघावा, ही ‘बूट रूम’ची परंपरा अशी तयार झाली, आणि म्हणूनच पुढचा माणूस घरच्या वळणाचा असावा ही अपेक्षा येथे अजून बोलते.

ही अपेक्षा ज्या स्टँडमधून गर्जते त्याचे ‘कॉप’ हे नावही मराठी वाचकाला परके वाटू नये. दक्षिण आफ्रिकेतील स्पिऑन कॉप या टेकडीवर जानेवारी १९०० मध्ये झालेल्या लढाईत या भागातले पुष्कळ सैनिक मारले गेले, त्यांच्या आठवणीने हे नाव पडले. आणि त्याच लढाईत जखमींच्या डोल्या वाहणाऱ्या भारतीय पथकात मोहनदास गांधी होते.

चाहत्याला मॅनेजर निवडण्याचे मत नाही, हे येथे प्रत्येकाला माहीत आहे. पण मत नसणे आणि वजन नसणे यांत फरक आहे. जुलै २०१० मध्ये नेमलेले रॉय हॉजसन यांच्या काळात संघ घसरला, तेव्हा कॉपने केनी डॅलग्लिश यांच्या नावाचा घोष सुरू केला. १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेनंतर, जिच्यात पुढे ९७ जणांचे प्राण गेल्याचे नोंदले गेले, मृतांच्या अंत्यविधींना जाऊन कुटुंबांना आधार देणारे तेव्हाचे मॅनेजर हेच. जानेवारी २०११ मध्ये मालकांनी त्यांनाच परत आणले. शहरातल्या दुसऱ्या, निळ्या क्लबात, एव्हर्टनमध्ये, जानेवारी २०२२ मध्ये व्हितोर परेरा यांचे नाव पुढे येताच गुडिसन पार्कच्या भिंतीवर त्यांच्या विरोधात आणि फ्रँक लँपर्ड यांच्या बाजूने रंगाने अक्षरे उमटली, आणि महिनाअखेर लँपर्ड नेमले गेले. ते वर्षभरच टिकले, ही गोष्ट चाहत्यांच्या शहाणपणाला मर्यादा असल्याचे सांगते. त्याच क्लबात २०२१ मध्ये लिव्हरपूलचे माजी मॅनेजर राफा बेनितेझ येणार असे कळल्यावर, त्यांचे घर समजून एका वस्तीत धमकीचा फलक लावला गेला. जिव्हाळ्याचा असा हिंस्र विपर्यास होतो तेव्हा त्याचा निषेधच केला पाहिजे, आणि एव्हर्टनच्या पुष्कळ चाहत्यांनी तो केला.

आता महाराष्ट्राकडे वळले पाहिजे, कारण हे सारे पाहताना मनात सतत तुलना चालते आणि ती तुलना जिवाला लागते. अलोन्सो यांनी २९ मार्च २०२४ रोजी लेव्हरकुसेनमध्येच राहण्याचे जाहीर केले आणि लिव्हरपूलवर सुतकी कळा आली. त्याच्या पंधरा दिवस आधी, १४ मार्च रोजी, वानखेडे स्टेडियमवर मुंबईने विदर्भाला हरवून बेचाळिसाव्यांदा रणजी करंडक जिंकला होता. आठ वर्षांची कोंडी फुटली, कर्णधार अजिंक्य रहाणे यांचे यथोचित कौतुक झाले. परंतु त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक ओंकार साळवी होते, हे मुंबईतल्या किती क्रिकेटवेड्यांना सांगता आले असते? आणि ते मुंबईला उदासीनतेमुळे ठाऊक नव्हते, असेही नाही. १ एप्रिल रोजी त्याच वानखेडेवर, आयपीएलच्या मुंबई संघात रोहित शर्मा यांच्या जागी कर्णधार केलेल्या हार्दिक पंड्या यांची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. तीव्र मत होते, हजारो तोंडांनी बोलले गेले, पण सगळे कर्णधारावर खर्च झाले. मार्क बाउचर हे मुख्य प्रशिक्षक त्यातून अलगद बाजूला राहिले.

प्रशिक्षकाची किंमत महाराष्ट्राला कळत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांनी पिढ्या घडवल्या आणि ‘सर’ या एका शब्दात त्यांच्याविषयीचा आदर मावत असे. चंद्रकांत पंडित यांच्या कारकिर्दीइतका उघडा पुरावा तर दुसरा नसेल. त्यांच्या हाताखाली मुंबईने २०१५-१६ चा रणजी करंडक जिंकला; पुढच्या मोसमात अंतिम सामन्यात गुजरातकडून हार झाल्यावर मुंबईने त्यांना ठेवले नाही; ते विदर्भात गेले, आणि ज्या विदर्भाने तोवर एकदाही करंडक उचलला नव्हता त्याने तो सलग दोन वर्षे उचलला. मग ते मध्य प्रदेशात गेले, आणि २०२२ च्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशाने बेंगळुरूत हरवले ते मुंबईलाच. १९९९ मध्ये पंडित याच मैदानावर मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून अंतिम सामना हरले होते. असा माणूस लिव्हरपूल सोडून पन्नास किलोमीटरवरच्या मँचेस्टरला गेला असता, तर त्याला जाऊ का दिले, हा प्रश्न या शहराने मालकांना दहा वर्षे विचारला असता. मुंबईत तो प्रश्न क्रीडापानांच्या पुढे फारसा गेला नाही.

मुंबईत चर्चा झडते ती खुर्चीची. मुंबई क्रिकेट असोसिएशनची निवडणूक जवळ आली की कोणत्या पक्षाचा पाठिंबा कोणाला, कोणाचे पॅनेल फुटले, याच्या बातम्या पहिल्या पानावर येतात. २०२२ मध्ये माजी कसोटीपटू संदीप पाटील अध्यक्षपदाची निवडणूक हरले, त्याचीही चर्चा क्रिकेटपेक्षा राजकारणाच्या अंगानेच अधिक झाली. अध्यक्षाला महत्त्व नाही असे नव्हे. पण कोवळ्या मुलांना रोज सकाळी नेटमध्ये कोण उभे करणार, हा प्रश्न अध्यक्ष कोण या प्रश्नापेक्षा धाकटा मानला जातो, ही उलटी उतरंड इंग्लंडमधून पाहताना अधिक बोचते.

लिव्हरपूलच्या आजोबांचा खरा सोयरा शोधायचा झाला तर तो आयपीएलच्या गर्दीत न सापडता कोल्हापुरात सापडेल. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, दिलबहार, खंडोबा ही नावे तेथे पेठेच्या, गल्लीच्या आणि घरच्या नावासारखी उच्चारली जातात; शाहू स्टेडियमवर सामना असला की बाप मुलाला आपल्या तालमीच्या बाजूला बसवतो, आणि ती बाजू जन्मभर बदलत नाही. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल आपलासा केला, ही घटना जगात अन्यत्र क्वचितच घडली असेल, आणि भारताच्या सतरा वर्षांखालील विश्वचषक संघात २०१७ मध्ये खेळलेला अनिकेत जाधव त्याच मातीतला. कोल्हापुरी चाहत्याजवळ निष्ठा आहे, आठवण आहे, जीभही आहे. मात्र पंचाच्या निर्णयावर आणि बाहेरून आणलेल्या खेळाडूवर जेवढे बोलले जाते त्याच्या चौथाईने जरी संघाला वर्षभर शिकवणार कोण यावर बोलले गेले, तरी त्या मैदानातून एकाच्या जागी दहा अनिकेत निघतील.

लिव्हरपूलमधील वादाचा शेवट दोघांच्याही कौलाविरुद्ध झाला. अलोन्सो आले नाहीत, अमोरिम आले नाहीत. हॉलंडच्या फेयेनूर्दहून आलेले स्लॉट, ज्यांचे नाव त्या फेब्रुवारीत पबमध्ये कोणी घेतले नव्हते, त्यांनी पहिल्याच मोसमात, २७ एप्रिल २०२५ रोजी टॉटनहॅमवर ५-१ असा विजय मिळवून लीग जिंकून दिली. पबमध्ये नातवाने आजोबांना त्यांच्या चुकलेल्या अंदाजाची आठवण करून दिली, तेव्हा त्यांनी ती नाकारली नाही; निवडणारे मालक अमेरिकेत बसतात, पण आलेल्या माणसाला निभावून नेणे या रस्त्यावरच्या लोकांकडे येते, म्हणून आधी बोलून ठेवायचे, एवढेच ते म्हणाले. रणजीचा मोसम तोंडावर येईल तेव्हा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर यंदा मुंबईचा कोच कोण असावा या प्रश्नावर आजोबा-नातवाचे असेच भांडण जुंपले, तर मुंबई क्रिकेटवर प्रेम करणाऱ्याने ते सोडवायला जाऊ नये.