३२ ठिपक्यांचा रयू

पुण्यात खडकीहून वाकडेवाडीमार्गे मंगळवार पेठेत उतरलं की बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरलेला असतो. घड्याळं, पाने, नळाच्या तोट्या आणि मुके रेडिओ यांच्या ढिगात अजूनही कधीतरी टीव्ही गेमची पिवळी कॅसेट हाती लागते. अशीच एक मी घरी आणून उघडली. आत बोटभर रुंदीची हिरवी पट्टी, आणि तिच्यावर डांबराचा थेंब सांडावा तसा काळा टिपका. चिपवर नाव नाही, नंबर नाही. चिपच दिसत नाही, ती त्या थेंबाखाली गाडलेली. वरच्या कागदावर लढवय्यांची ही गर्दी, पण कॅसेट लावली की निवडायला चारच जण मिळतात: रयू, गाईल, चुन-ली आणि झँगीफ. शेवटी एका खलनायकाशी गाठ पडते, त्याचं नाव पडद्यावर येतं ‘विगा’. मूळ जपानी खेळात हा ‘वेगा’ आहे. कॅसेटवाल्यांनी स्पेलिंगही उधारीवर आणलं आणि वाटेत सांडलं.

हा ‘स्ट्रीट फायटर टू’. कॅपकॉमने तो १९९१ साली पार्लरच्या मशीनसाठी काढला. नव्वदच्या दशकात खडकी बाजारात टोकनं उडवत, ‘आडूगेन’ म्हणून ओरडत ज्यांनी दांडा फिरवला त्यांना त्याची ओळख करून द्यायला नको. दांडा खाली, तिरका, पुढे, आणि बुक्कीचं बटण: रयूच्या तळहातांतून निळा गोळा सुटायचा. प्रश्न असा, की माणसाच्या उंचीच्या त्या कपाटातला खेळ रेंजहिल्सच्या क्वार्टरमधल्या टीव्हीपर्यंत आला कसा? आणि आला तेव्हा त्याचं काय काय उरलं?

आधी कपाटात काय होतं ते पाहू. कॅपकॉमच्या त्या बोर्डाचं नाव सीपीएस-१. त्यावर १० मेगाहर्ट्‌झने चालणारा मोटोरोलाचा ६८००० प्रोसेसर, आवाजासाठी वेगळा प्रोसेसर, आणि पडद्यावर आडवे ३८४, उभे २२४ ठिपके. आजच्या फोनपुढे हे सगळं चिल्लर. खरी श्रीमंती वेगळ्याच जागी होती. या खेळाच्या नुसत्या चित्रांनीच सुमारे ६ मेगाबाइट जागा अडवलेली, आणि ती सगळीच्या सगळी चित्रं ग्राफिक्सच्या चिपला सतत समोर दिसत असत. लाथ मारणारा गाईल हवा? चिप थेट त्या पत्त्यावर जाऊन चित्र उचलते. धालसिमचा लांबलेला हात हवा? तोही तिथेच आहे. काही हलवायचं नाही, काही आणायचं नाही.

घरच्या मशीनला ही चैन परवडणारी नव्हती. सुपर निन्टेन्डोसाठी हा खेळ जून १९९२ मध्ये जपानात आला तो १६ मेगाबिटच्या कॅसेटवर, म्हणजे २ मेगाबाइटमध्ये. चित्रं, संगीत, आवाज, खेळाची सगळी अक्कल, सगळं त्यातच. पण कॅसेटमध्ये जागा कमी हा अडचणीचा सोपा भाग झाला. अवघड भाग पुढे आहे, आणि मला तो वाचला तेव्हापासून या खेळाकडे पूर्वीसारखं बघताच येत नाही.

सुपर निन्टेन्डोची चित्र काढणारी चिप कॅसेटमध्ये डोकावूच शकत नाही. तिला फक्त स्वतःची छोटी मेमरी दिसते, आणि हलत्या आकृत्यांसाठी त्यातले एका वेळी जेमतेम १६ किलोबाइट वापरता येतात. म्हणजे रयूने पवित्रा बदलला की नवं चित्र कॅसेटमधून काढून त्या मेमरीत टाकायचं. तेही कधी? पडद्यावर चित्र रेखाटलं जात असताना त्या मेमरीला हात लावता येत नाही. जुन्या टीव्हीचा किरण खालच्या टोकाला पोचून पुन्हा वर जातो, तेवढ्या क्षणातच काय ते उरकायचं. सेकंदाला ६० वेळा हा क्षण येतो, आणि दर वेळी सुमारे ६ किलोबाइट आत जाऊ शकतात. आता हिशोब करा. ६४ ठिपके रुंद, ९६ ठिपके उंच असा एक लढवय्या धरला तर त्याचं एक चित्र ३ किलोबाइटचं. दोघांचे मिळून ६. दोघांनी एकदम हात उचलला की कोटा संपला! निळा गोळा कुठून आणायचा?

या खेळात पडद्याच्या वर आणि खाली काळ्या पट्ट्या दिसतात त्या यासाठी. तिथे काही रेखाटायचंच नाही असं ठरवलं, की किरण त्या ओळींवरून जात असतानाही चित्रं आत ढकलता येतात. पडद्याच्या दोन चिंधोट्या विकून वेळ विकत घेतला म्हणायचं. खेळणाऱ्या पोराला पट्टी दिसते, तिच्या मागची घासाघीस दिसत नाही.

बाकीची काटछाट उघड होती. आडवे ठिपके ३८४ वरून २५६ वर आल्यामुळे आकृत्या नव्याने बसवाव्या लागल्या. सुरुवातीची, गर्दीसमोर दोघं भिडतात ती झलक गेली. पिंपं फोडायची बोनस फेरी गेली, तिच्या जागी विटा फोडायची आली. शाबूत काय राहिलं ते मात्र बघण्यासारखं आहे: एकामागून एक जोडून मारायचे फटके. गंमत म्हणजे हे फटके मुळात कुणी योजलेच नव्हते. गाडी फोडायच्या बोनस फेरीची तपासणी करताना कॅपकॉमच्या नोरिताका फुनामिझू यांच्या लक्षात आलं, की वेळ अचूक साधली तर एका फटक्याच्या पोटात दुसरा घुसवता येतो. तो दोष त्यांनी तसाच राहू दिला, आणि पुढच्या साऱ्या लढतीच्या खेळांनी त्यावर आपली घरं बांधली. सुपर निन्टेन्डोवाल्यांनी चित्रं कापली, आवाज कापले, पण फटक्यांमधलं हे काळाचं गणित सांभाळलं. माझ्या मते त्या कॅसेटच्या ६३ लाख प्रती खपल्या त्या यामुळे, दिसण्यामुळे नव्हे.

सेगाच्या मेगा ड्राइव्हचं नशीब उलटं. तिचा प्रोसेसर तोच ६८०००, जरा धीमा, ७.६७ मेगाहर्ट्‌झचा. १९९३ मध्ये आलेली कॅसेटही मोठी, २४ मेगाबिटची. पण एका वेळी पडद्यावर ६४ रंग, आणि आवाज घशात खडी अडकल्यासारखे. हा दोष बराचसा आवाज वाजवणाऱ्या प्रोग्रॅमचा होता. पुढे हौशी मंडळींनी तो प्रोग्रॅम बदलून त्याच मशीनवर स्वच्छ आवाज काढून दाखवले. शिवाय तिच्या मूळ रिमोटला तीनच बटणं, आणि खेळाला लागतात सहा. मग काय, स्टार्ट दाबला की तीन बुक्क्यांच्या तीन लाथा व्हायच्या! भर लढाईत हे करून बघा. सहा बटणांचा रिमोट घेतलात तर सुटलात. ही मेगा ड्राइव्ह आपल्याकडे नव्वदच्या दशकाच्या मध्याला शॉ वॉलेस विकत होती, हो, तीच मद्यवाली. कितीजणांच्या घरी ती पोचली असेल ते तुम्हीच आठवा.

आपल्याकडे पोचली ती पिवळी कॅसेट. मीडिया, लिटल मास्टर, समुराई अशा नावांनी जी मशीनं घरोघरी आली त्यांच्या पोटात १९८३ च्या जपानी फॅमिकॉमचीच रचना होती. आठ बिटांचा प्रोसेसर, वेग १.८ मेगाहर्ट्‌झच्या आसपास. या मशीनसाठी कॅपकॉमने हा खेळ कधीच काढला नाही. तरीही तो निघाला, परवाना न घेता, आणि करणाऱ्याचं नाव थेंबाखाली गाडून.

फॅमिकॉमचा एक नियम फार कडक आहे. हलत्या आकृत्या ८ ठिपके रुंदीच्या तुकड्यांनी जोडायच्या, आणि पडद्याच्या कुठल्याही एका आडव्या ओळीवर असे ८ च तुकडे दिसू शकतात. नववा आला की तो उमटतच नाही. म्हणजे एका ओळीत एकूण ६४ ठिपके, आणि लढायला दोघं. रयूच्या वाट्याला ३२, गाईलच्या वाट्याला ३२. एकाने हात पुढे केला की तो दुसऱ्याच्या वाट्यातून घ्यावा लागतो! गोळा सुटला तर तोही याच आठांत बसवायचा. यावर जुनी युक्ती अशी, की प्रत्येक वेळी तुकड्यांचा क्रम बदलायचा, म्हणजे एकच तुकडा कायमचा गायब न होता सगळे आळीपाळीने गायब होतात. रयूची छाती लुकलुकायची ती यामुळे. कॅसेट काढून फुंकर मारून पुन्हा लावली तरी तो लुकलुकणारच होता.

धालसिम या कॅसेटीत का नाही, यावर माझा एक तर्क आहे. आपला तो योगी, हात लांबवून अर्ध्या पडद्यापलीकडून बुक्की मारणारा. फॅमिकॉमवर तसा हात काढायचा तर नुसत्या हातातच ओळीचे आठही तुकडे संपतील, आणि ज्याला बुक्की बसायची तोच दिसेनासा होईल.

शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी खेळताना आपल्यापैकी कुणाच्या ध्यानात आली नसेल. आपला टीव्ही पाल पद्धतीचा. जपानी टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवायचा, आपला ५० वेळा. हे खेळ टीव्हीच्या ठोक्यावर चालतात: एक ठोका, एक पाऊल. म्हणून पालसाठी जुळवलेल्या मशीनवर तीच कॅसेट एक षष्ठांश मंद धावायची. जपानात पाच सेकंदांत संपणारी हालचाल खडकीत सहा सेकंद घ्यायची. पार्लरमध्ये हात बसलेला पोरगा घरी खेळायला लागला की त्याची बटणं लवकर दाबली जायची, आणि दोष मिळायचा रिमोटला.

पुढे मशीनं मोठी झाली, तरी मेमरी नडतच राहिली. ‘एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर’ या १९९६ च्या खेळात प्रत्येकाकडे दोन लढवय्ये, आणि भर लढाईत एकाला बाहेर काढून दुसऱ्याला आत आणायची सोय. सेगा सॅटर्नवर जपानात १९९७ मध्ये तो आला तेव्हा मशीनच्या मागच्या खाचेत ४ मेगाबाइटची जादा मेमरी खोचावी लागे. प्लेस्टेशनवर ती सोय नव्हती. चौघांची चित्रं मावेनात, म्हणून लढवय्या बदलायची युक्तीच काढून टाकली, म्हणजे ज्यासाठी लोक हा खेळ खेळायचे तेच नेमकं.

आता मेमरीची ददात संपली. मूळ बोर्डाचीच नक्कल संगणकावर चालते, ठिपकाही इकडचा तिकडे होत नाही. तरीही २००६ मध्ये ‘स्ट्रीट फायटर टू’ एक्सबॉक्स ३६० वर इंटरनेटवरून खेळण्यासाठी आला तेव्हा जाणकार वैतागले. चित्र जसंच्या तसं होतं. बटण दाबल्यावर हात उशिरा उठत होता. पुणे ते टोकियो साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास, आणि काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो. नुसता एकेरी प्रवास ३३ मिलिसेकंदांचा, म्हणजे खेळाचे दोन ठोके. यावर टोनी कॅनन या खेळाडूने जीजीपीओ नावाचा उपाय काढला. तुमचं बटण ताबडतोब मानायचं, आणि समोरचा मघाशी जे दाबत होता तेच अजून दाबतोय असं गृहीत धरून खेळ पुढे न्यायचा. खरी बातमी येऊन पोचली आणि अंदाज चुकला, तर संगणक ते दोन-तीन ठोके मागे जातो, खऱ्या बटणांनिशी सगळं नव्याने खेळतो आणि पुढच्या ठोक्याच्या आत परत हजर होतो. १९९१ मध्ये ज्या हिशोबाला अख्खं कपाट लागायचं तो आता एका ठोक्याच्या पोटात अनेकदा करून होतो, म्हणून हे जमतं.