डॉक्टर डोंगरावर का जमतात?

पुण्या-मुंबईत भरणाऱ्या वैद्यकीय परिषदेचं गणित ठरलेलं असतं. सकाळी नऊला नोंदणीच्या टेबलापाशी रांग, साडेदहाला सभागृह भरलेलं आणि जेवणानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. डॉक्टर पळालेले असतात. कुणाची पाचची ओपीडी असते, कुणाचं सिझेरियन ठरलेलं असतं, कुणाला आयसीयूतून फोन आलेला असतो. गळ्यातलं ओळखपत्र खिशात कोंबून मंडळी गाडीत बसतात. तीच परिषद महाबळेश्वरला ठेवली की पसरणीचा घाट आणि पाचगणीतली वाहतूककोंडी यांपुढे कुणाचं काही चालत नाही. वर गेलेला डॉक्टर रविवारपर्यंत वरच. निमंत्रणपत्रिकेत ‘निसर्गरम्य परिसर’ वगैरे छापलेलं असतं खरं, पण आयोजकांचा हिशेब हा असतो. आणि पहिल्यांदाच परिषदेला जाणाऱ्या निवासी डॉक्टरला सगळ्यात जास्त फायदा होतो तो या अडकून पडलेल्या वरिष्ठांचाच.

हे निवासी डॉक्टर, म्हणजे एमडी-एमएस करणारे विद्यार्थी, हौसेने येतात असं नाही. पदव्युत्तर शिक्षणाच्या २००० सालच्या नियमांनी त्यांच्यावर एक पोस्टर, परिषदेत एक पेपर आणि नियतकालिकाकडे पाठवलेला एक शोधनिबंध अशी तिहेरी अट घातली होती. २०२३च्या नियमांनी ती सैल केली. आता पोस्टर, व्यासपीठावरचा पेपर किंवा छापून आलेला अथवा स्वीकारला गेलेला निबंध, यांपैकी एक काहीतरी पुरतं. बहुतेक जण पोस्टर निवडतात, कारण ते सगळ्यात सोपं, असा समज आहे. मग गाइडच्या मागे लागून ॲबस्ट्रॅक्ट पाठवायचा, सहकाऱ्याशी ड्यूट्यांची अदलाबदल करायची (परतफेड दोन रात्रींची, हा सर्वत्र चालणारा दर), विभागप्रमुखांची सही आणायची आणि फ्लेक्सची गुंडाळी काखेत धरून एसटी पकडायची. अलीकडे ई-पोस्टर आले आहेत. टीव्हीच्या पडद्यावर ते एकामागून एक सरकत राहतात आणि आपलं येईपर्यंत परीक्षक पुढे निघून गेलेले असतात. माझं मत विचाराल तर फ्लेक्स बरा. तो निदान जागचा हलत नाही.

जाता जाता एक सांगून टाकतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण साडेतेराशे मीटरवर आहे आणि विरळ हवेचा त्रास सहसा अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. त्यामुळे पोचल्यापोचल्या डोकं धरून बसलेल्यांना उंची नव्हे, गाडी लागलेली असते. घाट लागण्याआधी गोळी घ्यावी हे रोज पेशंटला सांगणारी माणसंच यात आघाडीवर असतात.

पोस्टर सोपं, हा समज परीक्षक समोर येईपर्यंत टिकतो. मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी तिच्या पोस्टरशेजारी उभी होती तेव्हा मी जवळच होतो. विषय होता स्क्रब टायफसचा. पावसाळा सरता सरता गवत-झुडपांतल्या बारीक किडीच्या अळीच्या चाव्यातून होणारा हा ताप. प्लेटलेट घसरतात, त्यामुळे अनेकदा डेंगी समजून उपचार सुरू होतात. चाव्याच्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते. ती काखेत किंवा जांघेत लपलेली असते आणि दिसली तर निदान तिथेच होतं. डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त गोळीवर माणूस उठून बसतो. उशीर झाला तर फुप्फुसं आणि मूत्रपिंडं धोक्यात येतात. मुलीने हे सगळं पाठ केलं होतं. पन्नाशीच्या परीक्षक मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला आणि खपलीच्या फोटोवर बोट ठेवलं.

“ही कुणी पाहिली?”

“मॅडम, म्हणजे… राउंडला…”

“राउंडला तुम्ही पेशंटची काख बघता?”

मुलगी थांबली. मग म्हणाली, “सिस्टरांनी पाहिली, मॅडम. स्पंजिंग करताना. त्यांनीच बोलावून दाखवली.”

“मग त्यांचं नाव कुठंय?”

पोस्टरच्या माथ्यावर पाच नावं होती, त्यांतल्या दोघांनी तो रुग्ण पाहिलेलाही नसावा. मॅडम गुणपत्रिकेवर काहीतरी लिहून पुढे गेल्या. मुलीने पर्समधून पेन काढलं आणि सगळ्यात खाली, आभाराच्या ओळीत, सिस्टरांचं नाव हाताने लिहिलं. फ्लेक्सवर बॉलपेन नीट उमटत नाही. तिने ते तीनदा गिरवलं.

निरीक्षण कुठे होतं आणि पेपर कुठे लिहिला जातो, यातलं हे अंतर याच डोंगराच्या पायथ्याशी एकाने मिटवून दाखवलं आहे. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने खाली उतरलं की पोलादपूर लागतं आणि पुढे महाड. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण रात्र-रात्र उशाशी बसून पाहिले. त्यांच्या नोंदी थेट ‘लॅन्सेट’मध्ये छापून आल्या. रक्तदाबावरच्या प्राझोसिन या औषधाने असे रुग्ण वाचतात, हे त्यांनी दाखवून दिलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या जिल्हा रुग्णालयात ‘संशोधनासारखं काही नाही’ म्हणणाऱ्या मुलांना मी त्या घाटाचा रस्ता दाखवतो.

आता सभागृहात जाऊ. पाठ्यपुस्तकात एकाच ठाम आवाजात बोलणारं शास्त्र इथे दोन आवाजांत भांडतं, आणि हे पहिल्यांदा पाहणाऱ्या विद्यार्थ्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो. डेंगीत प्लेटलेट कधी चढवायच्या, हा आपल्याकडचा हमखास पेटणारा विषय. रक्तस्राव नसेल तर दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत थांबा, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. सिंगापूर आणि मलेशियात झालेली एक चाचणी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. प्लेटलेट वीस हजार किंवा त्याहून कमी असलेल्या प्रौढांना खबरदारी म्हणून पिशव्या चढवल्या, तरी रक्तस्राव कमी झाला नाही. मोठ्या शहरातला प्राध्यापक हे आलेख दाखवतो. मग तालुक्याच्या गावात नर्सिंग होम चालवणारा डॉक्टर माइक मागून घेतो आणि म्हणतो, “सर, आलेख मान्य. पण रात्री दोनला पंधरा नातेवाईक रिपोर्ट नाचवत उभे राहतात तेव्हा मी काय करू, तेवढं सांगा.” सभागृह हसतं, प्राध्यापक हसत नाही. शहरातल्या परिषदेत हा वाद चहाच्या सुट्टीत विरतो. डोंगरावर तो रात्रीच्या जेवणापर्यंत, शेकोटीपर्यंत चालतो आणि ताट हातात धरून उभ्या असलेल्या दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरच्या कानावर पडत राहतो. वॉर्डात ज्या सरांपुढे ‘येस सर’च्या पलीकडे शब्द फुटत नाही, ते इथे कानटोपी घालून मक्याच्या कणसासाठी रांगेत उभे असतात. त्या रांगेत त्यांना प्रश्न विचारता येतो.

वैद्यक आणि डोंगर यांचं नातं तसं जुनं आहे. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने १८२८च्या सुमारास महाबळेश्वर वसवलं ते आजारी गोऱ्यांनी थंड हवेत बरं व्हावं म्हणून. पाचगणीत डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम उभं केलं. स्वित्झर्लंडमधलं दाव्होस तर क्षयरोग्यांच्याच जिवावर वाढलं. पुढे औषधं आली. मग १९५९ मध्ये मद्रासच्या एका चाचणीने दाखवलं की दाटीवाटीच्या वस्तीत, साध्या घरी राहून औषध घेणारे क्षयरोगीही आरोग्यधामातल्या रुग्णांइतकेच बरे होतात. थंड हवेचा महिमा संपला, रुग्ण डोंगर उतरले आणि खाटा रिकाम्या झाल्या. दाव्होसच्या आरोग्यधामांची हॉटेलं झाली. अस्थिशल्यविशारदांना मोडलेली हाडं प्लेट-स्क्रूने जोडायला शिकवणारा एओ संस्थेचा पहिला वर्ग १९६० मध्ये तिथेच भरला, आणि ते वर्ग अजूनही भरतात. रुग्ण खाली आले, डॉक्टर वर गेले.

वर जाण्याचे पैसे कोण देतं, हा प्रश्न वाचकांच्या मनात केव्हाचा असेल. एके काळी उत्तर सोपं होतं: औषध कंपनी. २००९च्या डिसेंबरात भारतीय वैद्यक परिषदेने (एमसीआय) डॉक्टरांना कंपन्यांकडून प्रवास आणि पाहुणचार घ्यायला मनाई केली. अशा खिरापतीवरचा खर्च कंपन्यांना करातून वजा करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. औषध कंपन्यांसाठीच्या मार्च २०२४च्या संहितेनुसार, व्याख्यात्यांचा अपवाद सोडता कंपन्यांनी डॉक्टरांचा प्रवास आणि हॉटेल करायचं नाही, आणि परदेशात असे कार्यक्रम तर नाहीच. पण ती संहिता आहे, कायदा नव्हे, आणि तिची अंमलबजावणी कंपन्यांच्याच संघटनांकडे आहे. परिषदेतल्या स्टॉलचं भाडं अजूनही कंपन्याच भरतात, त्याशिवाय मांडव उभा राहत नाही. गंमत म्हणजे या सगळ्यात स्वतःच्या खिशातून शंभर टक्के भरणारा एकच वर्ग असतो, तो म्हणजे विद्यावेतनावर जगणारा विद्यार्थी. नोंदणीत सवलत मिळते, हॉटेलात नाही. चौघांनी एक खोली, जमिनीवर एक गादी आणि सकाळी गरम पाण्यासाठी भांडण.

आणि एवढं करून त्याला वेळ कुठली मिळते? वरिष्ठांची व्याख्यानं शनिवारी मुख्य सभागृहात. विद्यार्थ्यांचे पेपर रविवारी सकाळी आठला, तळघरातल्या ‘हॉल सी’मध्ये. त्या वेळी वर अडकून पडलेले सगळे डॉक्टर एकतर झोपलेले असतात किंवा स्ट्रॉबेरी विकत घेत असतात. सहा मिनिटांचा पेपर, दोन मिनिटं प्रश्नांना, आणि समोर दोन परीक्षक अन् आपल्या पाळीची वाट बघणारे दहा घाबरलेले चेहरे. ज्यांना वर थोपवून धरण्यासाठी डोंगर निवडला, ते नेमके या वेळी निसटतात. पुढच्या वेळी उलटं करून बघावं. शनिवारी अकराला मुख्य सभागृह विद्यार्थ्यांना द्यावं आणि रविवारी सकाळी आठला संघटनेच्या अध्यक्षांचं भाषण ठेवावं. किती जण उठतात, ते मोजायला मी स्वतः दारात उभा राहीन.