ओळीच्या आंकड्यांची बेरीज

जुन्नरहून नाणेघाटास जाणारा प्रवासी बहुधा तेथला दगडी रांजण पाहतो, कोंकणांत उतरणारी वाट पाहतो आणि परत फिरतो. घाटांतल्या लेण्याच्या भिंतींवर कोरलेला सातवाहनांचा लेख निरखणारे थोडेच. इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांतला म्हणून समजला जाणारा हा ब्राह्मी लेख यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची नोंद आहे: गाई, घोडे, हत्ती, कार्षापणें, आणि त्यांच्या संख्या आंकड्यांत खोदल्या आहेत. दहाची खूण निराळी, विसाची निराळी, शंभराची निराळी. शून्य नाहीं, स्थानमूल्य नाहीं. अशा आंकड्यांनीं लांबलचक बेरीज करणाऱ्या कारकुनाची कींवच येते.

तथापि आज जी युक्ति सांगावयाची, ती त्या कारकुनालाही साधली असती. कारण ती लिहिण्याची नसून मांडण्याची आहे. ज्वारीचे दाणे घ्या. पहिल्या ओळींत एक, दुसरींत दोन, असे दहा ओळींपर्यंत मांडा. जिन्यासारखी आकृति होईल. तशीच दुसरी आकृति करून ती उलटी फिरवा व पहिलीस भिडवा. आतां प्रत्येक ओळींत 11 दाणे झाले आणि ओळी 10. एकूण 110, एका जिन्याचे निम्मे, म्हणजे 55. शेवटच्या संख्येंत एक मिळवावा, त्यास त्याच संख्येनें गुणावें व निम्मे करावें, एवढाच नियम.

आर्यभटानें 499 सालीं ही रीति दिली. भास्कराचार्यांच्या 1150 च्या लीलावतींतही ती आहे. या बेरजेस ते 'संकलित' म्हणतात. जर्मन गणिती गाउस यानें शाळकरी वयांत 1 ते 100 ची बेरीज क्षणांत 5050 सांगितली, ही कथा आपल्या मुलांना ठाऊक असते. संकलित हा शब्द मात्र त्यांच्या कानांवर पडत नाहीं, हें मला खटकतें.

ओळ एकापासून सुरू होत नसली, म्हणजे खरी अडचण येते. समजा, आंबेगांव तालुक्यांतील एका शेतकऱ्याची विहीर 8 हात खोल आहे. ती 24 हात करावयाची. जसजसें खालीं जावें तसतसे माती वर काढण्याचे कष्ट वाढतात. म्हणून नवव्या हातास 900 रुपये, दहाव्यास 1000, असा शेवटीं चोविसाव्यास 2400 पर्यंत चढता दर ठरला. पहिला व शेवटचा दर मिळून 3300. त्यास हातांच्या संख्येनें गुणून निम्मे करावयाचें. पण हात किती? चोविसांतून नऊ वजा करून पुष्कळ लोक 15 म्हणतात, आणि नववा हात हिशेबांतून निसटतो. मग मजुरी 24,750 निघते. वस्तुतः हात 16 आहेत व मजुरी 26,400 रुपये. खोदणाऱ्याचे 1,650 रुपये त्या एका वजाबाकींत बुडाले, आणि मालकाच्या मनांत कपट असण्याचीही गरज नव्हती.

ताळा पाहावयाचा तर दोन संकलितें काढावीं. 1 ते 24 चें 300; 1 ते 8 चें, म्हणजे आधींच खोदलेल्या भागाचें, 36. वजा जातां 264 राहिले, आणि दर शंभराच्या पटींत असल्यानें रुपये 26,400.