माणूस गेल्यावर कुठलं पान उघडायचं?

तेराव्याची गर्दी पांगली आणि दुसऱ्या दिवशी मी मोबाइल घेऊन बसलो. सातबाऱ्यावर वडिलांच्या जागी आईचं आणि आम्हा भावंडांचं नाव लावायचं होतं. आईचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करायचं होतं, रेशनकार्डावरचं नाव कमी करायचं होतं. कामं करायला जेवढा वेळ लागला, त्याहून जास्त वेळ कुठलं काम कुठल्या खात्याच्या संकेतस्थळावर होतं हे शोधण्यात गेला. तेव्हापासून सरकारी संकेतस्थळांबद्दलच्या आपल्या काही समजुती मला खटकू लागल्या.

समजूत: अर्ज ऑनलाइन झाला की सेवा ऑनलाइन झाली.

वारसनोंदीचंच बघा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करायची. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसाहक्काची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यायची. तलाठी फेरफार धरतो, नोटीस काढतो, हरकतीची मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मग सातबारा बदलतो. यातली अर्जाची पायरी 'ई-हक्क' प्रणालीमुळे घरबसल्या होते, आणि ही खरोखर मोठी सोय आहे. पण तोच मृत्यूचा दाखला घेऊन निवृत्तिवेतनासाठी वेगळीकडे जायचं, रेशनकार्डासाठी आणखी वेगळीकडे. प्रत्येक ठिकाणी वडील गेले हे पहिल्यापासून सांगायचं. ऑनलाइन अर्जाची सोय असूनही मयत खातेदारांची नावं वर्षानुवर्षं उताऱ्यावर राहिली, म्हणून राज्याला २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम हाती घ्यावी लागली.

ब्रिटनच्या बहुतेक भागात यासाठी 'टेल अस वन्स' नावाची सेवा आहे. मृत्यूची नोंद केली की एकदाच माहिती द्यायची. पुढे कर, निवृत्तिवेतन, पासपोर्ट आणि वाहन परवाना बघणाऱ्या खात्यांना नि स्थानिक परिषदेला ती सरकारच कळवतं. तिथल्या सरकारच्या 'गव्ह डॉट यूके' या संकेतस्थळावर घरातलं माणूस गेल्यावर काय करायचं याचं पायरी-पायरीने सांगणारं पान आहे. डायरेक्टगव्ह आणि बिझनेस लिंक या दोन जुन्या संकेतस्थळांच्या जागी हे संकेतस्थळ ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालं. ते बांधणाऱ्यांनी स्वतःसाठी ठरवलेलं पहिलंच तत्त्व होतं, वापरणाऱ्याच्या गरजेपासून सुरुवात करायची. खात्यांची रचना कशी आहे हे नागरिकाला ठाऊक असण्याची गरजच उरू नये, असा त्याचा अर्थ. मला यातली तांत्रिक करामत दुय्यम वाटते. खात्यांनी आपसांत बोलायचं ठरवलं, हे मोठं.

समजूत: चांगलं संकेतस्थळ म्हणजे देखणं संकेतस्थळ.

याच 'गव्ह डॉट यूके'ला लंडनच्या डिझाइन म्युझियमने २०१३ चा 'डिझाइन ऑफ द इयर' पुरस्कार दिला. त्यावर चित्रं जवळजवळ नाहीत. अक्षरं ब्रिटनमधल्या रस्त्यावरच्या पाट्यांच्या वळणाची आहेत, जॉक किनियर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी घडवलेली, धावत्या गाडीतून वाचता यावीत अशी. सार्वजनिक सुट्ट्यांचं पान उघडलं की पुढची सुट्टी कधी, एवढंच आधी ठळक दिसतं. आपल्याकडे मुखपृष्ठावर सरकणारी छायाचित्रं आणि उद्‌घाटनांच्या बातम्या येतात, आणि दाखल्याचा दुवा शोधायला बोट खाली खाली न्यावं लागतं.

समजूत: मजकूर मराठीत दिला की झालं.

मराठी हवीच, त्याबद्दल दुमत नाही. पण 'उपरोक्त दस्तऐवज साक्षांकित करून सादर करावेत' ही मराठी माझ्या आईला इंग्रजीइतकीच परकी आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, तरी कागद स्कॅन करून चढवलेले आदेश अजून भेटतात. ते शोधता येत नाहीत, अंध माणसाला वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला ते नुसतं चित्र दिसतं. शिवाय नाव. शाळेच्या दाखल्यावर सुमन, रेशनकार्डावर सुमनबाई, लग्नानंतर मधलं नाव नि आडनाव दोन्ही निराळी. आपल्या बायकांची नावं अशी बदलतात हे फॉर्म बनवणाऱ्याने आधीच गृहीत धरायला हवं.

समजूत: अपंगांसाठीच्या सोयी मोजक्यांच्याच कामाच्या.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्तींना ई-केवायसीमध्ये पापणी मिटून दाखवायला सांगितलं जात होतं, त्या प्रकरणातला हा निकाल. ज्यांना ते शक्यच नाही, त्यांच्यासाठी दारच बंद. मोठी अक्षरं आणि ठळक रंगफरक मोतीबिंदू झालेल्या आजोबांना लागतात, भर उन्हात बांधावर उभं राहून उतारा बघणाऱ्यालाही लागतात.

समजूत: हे सगळं करायला मोठा निधी नि नवं तंत्रज्ञान लागतं.

शपथपत्राऐवजी स्वयंघोषणापत्र आणि साक्षांकित प्रतीऐवजी स्वतः सही केलेली प्रत चालेल, असा शासन निर्णय राज्याने २०१५ मध्ये काढला. लोकांच्या किती खेपा वाचल्या त्यामुळे! संगणकाचा त्यात काडीचा संबंध नव्हता. फॉर्म कुठे अडतो हे कळायलाही फार खर्च नाही. एक दिवस सेवा केंद्रात बसून बघावं. फोटो ठरलेल्या केबीत बसत नाही, ओटीपी गेलेल्या माणसाच्या नंबरवर जातो, आईच्या आधारला पुण्यातल्या मुलाचा मोबाइल जोडलेला असतो. तिथे बसणाऱ्या मुलामुलींना हे तोंडपाठ असतं.

आमचं काम अखेर अशाच एका केंद्रात मार्गी लागलं. चालवणाऱ्या ताईंनी काउंटरमागच्या भिंतीवर वहीचा एक कागद चिकटवला होता. वर स्केचपेनने 'घरातलं माणूस गेल्यावर', आणि खाली: मृत्यू दाखला, आठ-अ, सगळ्या वारसांची नावं नि वयं, आईचं पासबुक, आधी कुठे जायचं, मग कुठे. मी त्याचा फोटो काढून भावाला पाठवला.