बेस गिटार : खालच्या स्वराची कामगिरी

एखादें नवें घर पाहावयास आपण जातों तेव्हां दरवाजाची नक्षी, खिडक्यांचीं तावदानें, भिंतींचा रंग यांची वाखाणणी करितों. जोत्याच्या दगडाकडे कोणी पाहत नाहीं. तरुण मंडळी ज्याला नुसतें 'बँड' म्हणतात, त्या पाश्चात्य धर्तीच्या वाद्यमेळांत जोत्याच्या दगडाची जागा बेस गिटार या वाद्याची आहे. 'बँड' म्हटल्याबरोबर आपल्या डोळ्यांपुढें लग्नाची वरात उभी राहते. पण येथें अभिप्रेत आहे तो चार-पांच जणांचा मेळ : एक गाणारा, एक-दोन गिटारवाले, एक ड्रम वाजविणारा आणि एक बेस वाजविणारा.

गाणारा काय करितो, गिटारवाला काय करितो, हें कोणासहि सांगतां येतें. बेसवाल्याचें काम मात्र पुष्कळांस, कधीं कधीं खुद्द त्या मेळांतील मंडळींसहि, नीटसें ठाऊक नसतें. शाळेंत स्नेहसंमेलनाचा वाद्यवृंद बसविण्याचें काम अनेक वर्षें माझ्याकडे होतें. तेथें मुलांचा ठरलेला हिशेब असे : ज्याला गिटार बरी वाजवितां येत नाहीं, त्याच्या गळ्यांत बेस अडकवावी. घरीं मुलानें किंवा मुलीनें 'मला बेस शिकावयाची आहे' असें म्हटलें, तर आईबापहि विचारतात, 'मग साधी गिटारच कां नाहीं?' हा प्रश्न रास्त आहे, कारण पैसा, वेळ आणि मुलाचा उत्साह हीं तिन्ही पणाला लागलेलीं असतात. त्याचेंच उत्तर आज शोधूं.

प्रथम वाद्याची ओळख करून घेऊं. साध्या गिटारीला सहा तारा असतात, बेसला बहुधा चार. गिटारीच्या खालच्या चार तारांचे जे स्वर, तेच बेसच्या तारांचे. मात्र एक सप्तक खालीं. सर्वांत जाड तारेचीं आंदोलनें सेकंदाला सुमारें ४१, आणि पुढच्या तारांचीं अनुक्रमें ५५, ७३ व ९८. तार जितकी लांब, जितकी जड आणि जितकी सैल, तितका स्वर खालीं, हा नियम सतार लावणारा जाणतोच. पूर्वी हे खालचे स्वर काढण्यासाठीं डबल बेस नांवाचें, व्हायोलिनसारख्या आकाराचें पण माणसाहूनहि उंच वाद्य उभें धरून वाजवीत. तें उचलून नेणें कठीण. त्याला पडदे नसल्यामुळें स्वर नेमका लागणें कठीण. आणि ड्रम व पितळी वाद्यें यांच्या गलक्यांत तें ऐकूं येणें त्याहून कठीण.

अमेरिकेंतील सिॲटल शहरीं पॉल टटमार्क यानें १९३० नंतरच्या दशकांत पडदे असलेली, विजेवर चालणारी, आडवी धरावयाची बेस बनविली होती. पण तिचा फारसा प्रसार झाला नाहीं. पुढें १९५१ सालीं कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं लिओ फेंडर या मूळच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थानें 'प्रिसिजन बेस' बाजारांत आणली आणि हें वाद्य सर्वत्र पोंचलें. प्रिसिजन म्हणजे अचूकपणा. दांडीवर पडदे असल्यामुळें स्वर अचूक लागतो, म्हणून हें नांव. तिच्या मोकळ्या तारेची लांबी ३४ इंच ठेवली होती, आणि आजहि बहुतेक बेस त्याच लांबीच्या असतात. तारांखालीं लोहचुंबक आणि त्यांभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें असतें. त्याला पिकअप म्हणतात. पोलादी तार हलली कीं त्या वेटोळ्यांत विजेचा सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो, आणि ॲम्प्लिफायर त्याचा मोठा आवाज करितो.

आतां मुख्य मुद्दा. या खालच्या स्वराचें काम काय? ज्यांच्या घरीं पेटी आहे त्यांनीं एक प्रयोग करून पाहावा. उजव्या हातानें मध्य सप्तकांतील सा, ग आणि प हे तीन स्वर एकदम धरा. डाव्या हातानें खालच्या सप्तकांतील सा धरा. मेळ स्थिर आणि प्रसन्न वाटेल. आतां उजवा हात मुळींच न हलवितां डाव्या हातानें तो सा सोडा आणि त्याच खालच्या सप्तकांतील शुद्ध ध धरा. वरचे तिन्ही स्वर तेच आहेत. पण त्यांवर एकदम विषादाची छाया पडली असें वाटेल. वरच्यांनीं कांहींच बदललें नाहीं. खालच्यानें अर्थ बदलला. बेस वाजविणाऱ्याच्या हातीं जें सामर्थ्य असतें, तें हेंच.

आपल्या गायनांत तंबोऱ्याचा खर्ज अखेरपर्यंत एकाच ठिकाणीं असतो. पाश्चात्य स्वरमेळांत आधाराचा स्वर दर कांहीं मात्रांनीं जागा बदलतो. म्हणून बेस हा एक चालता तंबोराच आहे, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. त्याच्या जोडीला दुसरें काम लयीचें. ड्रमवाल्याच्या पायाखालीं एक मोठा ढोल असतो. त्याचा ठोका आणि बेसचा स्वर एकाच क्षणीं पडले, तर ऐकणाऱ्याला तो एकच भरीव आघात वाटतो. क्षणभर मागेंपुढें झाले, तर गाणें लंगडूं लागतें. ढोलाला स्वरमेळ सांगतां येत नाहीं आणि गिटारीला ढोलाचा दणका नाहीं. दोघांना जोडणारा दुवा बेस. म्हणूनच स्वर केव्हां सुरू करावा याइतकेंच तो केव्हां थांबवावा, हेंहि येथें शिकावें लागतें.

उरलेल्या मुलाच्या गळ्यांत अडकविण्याचें हें वाद्य नव्हे, हें इतिहासहि सांगतो. बीटल्स मंडळींतील पॉल मॅकार्टनी हा मूळचा गिटारवाला. स्टुअर्ट सटक्लिफ १९६१ सालीं मेळ सोडून गेल्यावर बेस त्याच्याकडे आली. लॉस एंजेलिसमध्यें कॅरल के या बाई ध्वनिमुद्रणांत गिटार वाजवीत. १९६३ सालीं एके दिवशीं ठरलेला बेसवादक आला नाहीं, म्हणून त्यांनीं ती हातीं घेतली. दोघेहि रिकामी जागा भरावयास गेले आणि त्या जागेचे धनी झाले. आपल्या मुंबईच्या मोहिनी डे (जन्म १९९६) यांनीं तर बालपणींच वडिलांपाशीं हें वाद्य शिकावयास सुरुवात केली, आणि पुढें ए. आर. रहमान यांच्या वाद्यवृंदांत त्या वाजवूं लागल्या.

परंतु या वाद्याबरोबर येणारी एक गोष्ट आधींच सांगितली पाहिजे. ती म्हणजे नांव न होणें. डेट्रॉइट शहरांत १९५९ सालीं निघालेल्या मोटाउन या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या संस्थेंत जेम्स जेमर्सन (१९३६-१९८३) हा बेस वाजवीत असे. मूळचा तो डबल बेस वाजविणारा. उजव्या हाताच्या एकाच तर्जनीनें तारा छेडी. १९६० नंतरच्या दशकांत त्या संस्थेचीं जीं गाणीं जगभर गाजलीं, त्यांपैकीं पुष्कळांचा पाया त्याच्या बोटानें घातलेला आहे. मात्र तबकड्यांच्या वेष्टनांवर वादकांचीं नांवें छापीत नसत. १९७१ सालीं मार्विन गे याच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या तबकडीवर तें छापलें गेलें, तोंवर विकत घेणाऱ्यांस तें ठाऊकच नव्हतें. १९८३ च्या मार्चमध्यें संस्थेचा पंचविशीचा मोठा समारंभ झाला, तेव्हां जेमर्सन तिकीट काढून प्रेक्षकांत बसला होता. त्याच वर्षीं ऑगस्टांत तो वारला. २००० सालीं रॉक संगीताच्या मानकऱ्यांत त्याचें नांव घालण्यांत आलें. आपल्याकडेहि हिंदी चित्रपटांच्या श्रेयनामावलींत वादकांचीं नांवें फार क्वचित् येत. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांतील बेस आपण ऐकली. ती वाजविणारे टोनी वाझ किती घरांत ठाऊक आहेत? ज्याला टाळ्यांचीच भूक आहे, त्यानें दुसरें वाद्य निवडावें. पण ज्याला आपल्यामुळें गाणें उभें राहिलें याचें समाधान पुरतें, त्यानें हें जरूर घ्यावें.

आतां खरेदीविषयीं. दुकानांत प्रथम डोळा रंगावर जातो. तो हातावर आणावा. ३४ इंची वाद्यावर पहिल्या चार पडद्यांशीं बोटें न ओढतां पोंचतात काय, हें पाहावें. हात लहान असल्यास ३० इंची आखूड बेस मिळते. ती खेळणें नव्हे. मॅकार्टनीची व्हायोलिनच्या आकाराची बेस त्याच जातीची आहे. वाद्याचें वजन बहुधा चार किलोच्या आसपास असतें; म्हणून रुंद पट्टा लावून, उभें राहून दहा मिनिटें तें खांद्यावर घ्यावें. मग सुतार फळी पाहतो तशी दांडी एका टोंकाकडून पाहावी. किंचित् बांक चालतो, पीळ चालत नाहीं. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून वाजवावी. खरखर झाली तर कारण विचारावें. बाराव्या पडद्यावर तार निम्मी होते, म्हणून तेथला स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर एक सप्तक वर आला पाहिजे. खुंट्या स्वर धरून ठेवतात काय आणि बटणें फिरवितांना करकर होते काय, हेंहि पाहावें. या कसोट्यांस उतरलेलें जुनें वाद्य महागड्या पण न बेतलेल्या नव्या वाद्याहून चांगलें. थोडी रक्कम बाजूस ठेवून कारागिराकडून तारांची उंची बेतून घ्यावी. नवशिक्याचीं बोटें दुखतात तीं पुष्कळदां उंच तारांमुळें.

चार तारा कीं पांच? आरंभ चारांनींच करावा. पांचवी तार सेकंदाला सुमारें ३१ आंदोलनांपर्यंत खालीं नेते. तिची गरज पुढें भासल्यास पाहतां येईल. कांहीं वाद्यांत ९ व्होल्टची बॅटरी असते. वाजवून झाल्यावर त्यांतील वायर काढून ठेवावी, नाहीं तर बॅटरी फुकट संपते.

ॲम्प्लिफायरचा प्रश्न निराळा आहे. आपला कान खालच्या स्वरांना मंद असतो, म्हणून ते ऐकूं येण्यास अधिक शक्ति लागते. घरीं १५ ते ३० वॅट पुरे होतात. ड्रमबरोबर वाजवितांना निदान शंभर-दोनशे तरी हवेत. गिटारीच्या लहान ॲम्प्लिफायरमधून बेस मोठ्यानें वाजवूं नये. त्याचा कर्णा फाटतो. सर्वांत जाड तारेच्या स्वराची एक लाट हवेंत सुमारें आठ मीटर लांब असते, म्हणजे आपल्या पुष्कळ दिवाणखान्यांहून लांब. असे स्वर भिंती सहज अडवूं शकत नाहींत. तेव्हां चाळींत व सदनिकांत राहणाऱ्यांनीं कानावरचा हेडफोन वापरून शेजारधर्म पाळावा. विजेची जोडणी तीन पिनांची व नीट अर्थिंग केलेलीच असावी. कानांचीहि काळजी घ्यावी : ८५ डेसिबेलचा आवाज दिवसांत आठ तास सोसतो असें मानलें, तर पुढें दर ३ डेसिबेलला ती मुदत निम्मी होते, १०० डेसिबेलला ती अवघी पाव तास उरते. गेलेली श्रवणशक्ति परत येत नाहीं, म्हणून तालमींत कानांत बोळे घालण्यास लाजूं नये.

शेवटीं, मेळांत नांदण्याविषयीं. बेस वाजविणारा तालमीस वेळेवर आला पाहिजे, कारण त्याच्यावांचून बाकीच्यांची तालीम पोकळ होते. त्यानें उभें राहावें तें ड्रमवाल्याजवळ, आणि कान द्यावा तो त्याच्या पायाकडे. घरीं मेट्रोनोमच्या ठोक्याबरोबर सरळ, साधे स्वर पुष्कळ दिवस वाजवावेत; प्रत्येक मेळाचा मूळ स्वर प्रथम तोंडानें म्हणावा, मग बोटानें काढावा. करामत सुचली म्हणजे स्वतःस विचारावें, 'ही गाळली तर गाण्याचें कांहीं नुकसान होईल काय?' होत नसेल तर गाळावी. बहुतेक मेळ मोडतात ते आवाजाच्या चढाओढीनें : एकानें आपलें बटण वर केलें कीं दुसरा करितो. ही चढाओढ थांबविण्याचा पहिला मान बेसवाल्यानें घ्यावा आणि आपला आवाज थोडा खालीं आणावा. मिळकत व खर्च यांची वांटणी आरंभींच कागदावर लिहून ठेवावी. आणि कार्यक्रमपत्रिका निघेल तेव्हां सर्व वादकांचीं नांवें तींत आलीं आहेत काय, हें पाहावें. नम्रता हा गुण आहे. पण दुसऱ्याचें नांव गाळणें ही नम्रता नव्हे.

तेव्हां घरांतील मुलानें बेस मागितली, तर 'साधी गिटार कां नाहीं?' असें विचारण्यापूर्वी त्याच्याबरोबर बसून दोघांच्या आवडीचें एखादें गाणें लावा. गाणाऱ्याकडे लक्ष न देतां सर्वांत खालचा स्वर कोठें जातो एवढेंच ऐका. दोन-तीन वेळां ऐकल्यावर तो सांपडेल. आपण इतकीं वर्षें ज्यावर उभे होतों ती भूमि कोणती, हें तेव्हां उमगेल. आणि तिच्यावर उभें राहण्याऐवजीं ती होण्याची इच्छा एखाद्या मुलाला कां व्हावी, याचेंहि उत्तर मिळेल.