नर्सरीत पोरगं घालताय? फीच्या आधी पोलीस पडताळणी विचारा

लोणी काळभोर : जूनमध्ये पोरगं नर्सरीत घालताना पालक फी विचारतात, व्हॅन कुठवर येते ते विचारतात. मावशीची, ड्रायव्हरची पोलीस पडताळणी झालीय का, हे फारसं कुणी विचारत नाही. विचारायला लाजायचं कारण नाही, कारण कायद्यानेच ती बंधनकारक केली आहे.

२०१२ च्या पोक्सो कायद्याचे २०२० साली नवे नियम आले. शाळा असो वा पाळणाघर, मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पडताळणी करायची, मग तो कायम असो वा कंत्राटी. बालसंरक्षण धोरणही पाळायचं.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला बालवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाला. आरोपी शाळेचाच सफाई कर्मचारी. तक्रार घ्यायला उशीर झाला म्हणून लोक रेल्वे रुळावर उतरले. त्यानंतर राज्य सरकारने शाळांना सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि प्रकार कळल्यापासून २४ तासांत कळवण्याची सक्ती केली.

आपल्याकडे 'गावातच मिटवू' म्हणणारे बरेच. पण प्रकार कळूनही पोलिसांना न सांगणं हाच गुन्हा आहे. हाताखालच्या माणसाचं प्रकरण संस्थाचालकाने दाबलं, तर एक वर्षापर्यंत कैद.

लेकराला ठाण्यात न्यावं लागेल, ही भीती नको. जबाब घरीच घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेतात, तेही साध्या कपड्यात. मुलाचं नाव, फोटो मात्र ग्रुपवर टाकू नका, तोही गुन्हा ठरतो.

तक्रार लोणी काळभोर पोलीस ठाण्यात किंवा १०९८ या मोफत नंबरवर करता येते.